खाजणात उतरलेली गाडी: पट्टा, दोर की साखळी? गोराईतील एका प्रकरणाचा अभ्यास

परिस्थिती

बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीपलीकडच्या गोराई-मनोरीच्या पट्ट्यात अजूनही भातशेती, वाड्या आणि खाजणे शिल्लक आहेत. ऑगस्टमधील एका अमावास्येच्या सकाळी गोराईतील एका वाडीवर पंप, पाइप आणि सिमेंटच्या गोणी पोहोचवण्यासाठी दोन गाड्या भाईंदर-उत्तन मार्गे निघाल्या होत्या. पुढे सामानाने भरलेली थार होती आणि अर्ध्या तासाच्या अंतराने मागे जिम्नी होती. वाडीकडे जाणारी शेवटची वाट बांधावरून जाते. तिच्यावर मुरूम टाकलेला आहे, उजव्या हाताला भाताची खाचरे आहेत आणि डाव्या हाताला खाजण, म्हणजे भरतीचे खारे पाणी शिरणारी दलदल. आदल्या आठवड्यातील पावसाने बांधाची खाजणाकडील कड आतून पोकळ केली होती, आणि भरलेल्या गाडीच्या वजनाने ती सुटली. थारची डावीकडील दोन्ही चाके खाली उतरली. पुढचे चाक हबपर्यंत गाळात रुतले, मागचे त्याहून थोडे कमी, आणि गाडीची चेसिस बांधाला लावलेल्या एका मोठ्या दगडावर टेकली. उजवी चाके मुरमावरच होती, पण त्यांच्यावर पुरेसा भार उरला नव्हता.

चाके उतरली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईची भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे सकाळची ओहोटी संपून पाणी चढायला लागलेले होते. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच एकूण चढापैकी जवळपास निम्मे पाणी चढते, हे खाडीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. या खाजणात अकराच्या आत पाणी शिरते, असे वाडीतल्या लोकांनी सांगितले. हाताशी तीन तास होते. ही मुदत या प्रकरणातील प्रत्येक निर्णयामागे उभी होती, आणि घाई करण्याचा मोहही तिनेच निर्माण केला होता.

मी जिम्नीत होतो. ती माझ्या मावसभावाची गाडी. माझे रोजचे काम क्रेनच्या साखळ्या, बेल्ट, शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी) आणि वायर रोप तपासण्याचे आहे, त्यामुळे अशा प्रसंगी माझी नजर गाडीच्या आधी तिला ओढणाऱ्या साधनाकडे जाते. आम्ही पोहोचण्यापूर्वी एक प्रयत्न होऊन गेलेला होता.

पहिला प्रयत्न आणि त्याच्या खुणा

शेजारच्या वाडीतील ट्रॅक्टरवाले काका गाडी अडकल्याचे समजताच टोचनाची साखळी घेऊन आले होते. त्यांच्या मनात मदतीखेरीज काही नव्हते आणि शेतातील रुतलेल्या ट्रॉल्या त्यांनी या साखळीने अनेकदा काढलेल्या आहेत. थारला मागे चेसिसवर दोन मजबूत रिकव्हरी पॉइंट (रुतलेली गाडी ओढण्यासाठीच्या जागा) बसवलेले होते. पण डावा पॉइंट गाळाने झाकलेला होता आणि उजव्या पॉइंटच्या जाड पोलादावर साखळीचा हूक बसत नव्हता. म्हणून तो बंपरखालच्या टोइंगच्या आयमध्ये, म्हणजे लोखंडी कडीत, अडकवला गेला. हा आय सपाट रस्त्यावरून बंद गाडी हळू ओढून नेण्यासाठी असतो. साखळी ताणून हळू ओढल्यावर ट्रॅक्टरची चाके मुरमात घसरू लागली. तेव्हा ट्रॅक्टर मागे घेऊन, साखळी सैल सोडून, वेगाने पुढे नेला गेला. दुसऱ्या हिसक्याला हूक सुटला.

तो हूक मी हातात घेऊन पाहिला. त्याचे तोंड जवळपास दीडपट उघडले होते, आतल्या बाकावर ताणल्याची ताजी चमक होती, आणि तोंड बंद ठेवणारी लॅच केव्हाच गळून गेलेली असावी, कारण तिच्या पिनच्या भोकात जुना गंज होता. थारचा आय एका बाजूला वाकला होता आणि त्याच्या मुळाशी रंगाला बारीक तडे गेले होते. ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डवर, चालकाच्या खांद्यापासून हातभर अंतरावर, एक नवा खोल पोचा पडला होता. साखळीचे सुटलेले टोक तिथे आदळले होते. कोणाला लागले नाही, ही त्या सकाळची सर्वांत मोठी गोष्ट होती.

‘साखळी तर एवढी जाड आहे, मग हूक कसा उघडला?’ हा काकांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. सुमारे २,००० किलोचा ट्रॅक्टर ताशी ८ किलोमीटर वेगाने जात असताना त्याच्या अंगी सुमारे ५,००० ज्यूल गतिज ऊर्जा असते. साखळी ताठ झाली की ही ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. साखळी जवळजवळ लांबत नाही. कड्या सरळ होणे, आय वाकणे, गाडी किंचित हलणे हे सगळे धरून पाच सेंटिमीटरचा वाव मिळाला असे मानले, तर सरासरी ओढ सुमारे १,००,००० न्यूटन, म्हणजे दहा टनांच्या आसपास येते आणि क्षणिक शिखर त्याच्याही पुढे जाते. हीच ऊर्जा अर्धा मीटर ताणल्या जाणाऱ्या दोरात जिरली असती, तर सरासरी ओढ एक टन आणि शिखर दोन टनांच्या आसपास राहिले असते. गाडी तीच, ट्रॅक्टर तोच, वेगही तोच, पण जोर दहापट. तुलनेसाठी, ग्रेड ८० च्या (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीची श्रेणी) १० मिलिमीटर साखळीचा कामाचा भार, म्हणजे वापरातील सुरक्षित मर्यादा, ३.१५ टन असतो आणि ती साडेबारा टनांच्या आसपास तुटते. काकांच्या साखळीवर कोणत्याही ग्रेडचा ठसा नव्हता.

ही मांडणी मी इथे सविस्तर करतो आहे, कारण टोचन विकत घेताना विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘किती टनांचे?’ हा असतो आणि बहुतेकदा तोच शेवटचाही असतो. त्याच्या आधी ठरवायची गोष्ट ही, की ओढ संथ असणार आहे की हिसक्याची. संथ ओढीत साधनावर येणाऱ्या भाराला वरची मर्यादा असते. ओढणाऱ्या वाहनाच्या चाकांची जमिनीवर जितकी पकड असेल, त्याहून जास्त भार साधनावर येऊच शकत नाही, कारण चाके आधी घसरतात. हिसक्याच्या ओढीला अशी मर्यादा नसते. भार किती होईल हे साधन किती लांबते यावर ठरते, आणि साधन लांबत नसेल तर साखळीतील सर्वांत दुबळा तुकडा ती मर्यादा ठरवतो. त्या सकाळी तो तुकडा हूक होता.

बांधावर उपलब्ध असलेली साधने

आमच्यासमोर त्या वेळी पाच पर्याय होते. पहिला, काकांची साखळी, आता एका हुकाविना. दुसरा, वाडीत पडलेला बोटीचा हिरवा दोर, अंगठ्याहून जाड, पॉलीप्रॉपिलीनचा. तिसरा, थारच्या डिकीतील नारिंगी टो पट्टा, दोन्ही टोकांना हूक असलेला, ज्याच्या पिशवीवर फक्त ‘१० टन’ एवढे छापलेले होते. चौथा, जिम्नीतील नायलॉनचा स्नॅच पट्टा, म्हणजे हिसक्याने ओढण्यासाठीचा ताणला जाणारा पट्टा, ९ मीटर लांब, ६० मिलिमीटर रुंद, तुटण्याचा भार ८ टन. पाचवा, माझ्या कामाचे पिवळे लिफ्टिंग बेल्ट, ३ टनी, दोन ६ मीटरचे आणि एक ३ मीटरचा, सोबत ४.७५ टनी बो शॅकल.

बोटीच्या दोराचा विचार लवकर संपला. पॉलीप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते, भिजून जड होत नाही, म्हणून बोटीला आणि जाळ्याला ते उत्तम. पण उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ होतात, आणि त्या दोरावर हात फिरवला की हिरवी पूड तळहाताला लागत होती. शिवाय त्याला लूप विणलेले नव्हते, म्हणजे गाठ मारावी लागली असती, आणि गाठीने दोराची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते.

नारिंगी पट्ट्याबद्दल मला अधिक तीव्रतेने लिहायचे आहे. ‘१० टन’ हा आकडा कामाचा भार आहे की तुटण्याचा भार, हे त्यावर कुठेही लिहिलेले नव्हते, आणि या दोहोंतला फरक प्रचंड असतो. लिफ्टिंगच्या कापडी बेल्टमध्ये तुटण्याचा भार कामाच्या भाराच्या सातपट ठेवण्याची पद्धत आहे, म्हणून ३ टनाचा बेल्ट नवा असताना २१ टनांपर्यंत टिकायला हवा. साखळीच्या स्लिंगमध्ये हे प्रमाण चौपट असते. पिशवीवरच्या एकट्या आकड्याला असा कोणताही आधार नसतो. त्या पट्ट्याचे हूक तर माझ्या दोन बोटांएवढेही जाड नव्हते. पट्टा दहा टनांचा असला, तरी ते हूक त्याच्या जवळपासही पोहोचत नसणार, हे पाहताच लक्षात येत होते. हूक असलेला पट्टा हिसक्याच्या ओढीत कधीही वापरू नये. पट्टा सुटला तर हूक सुटलेल्या टोकाचे हत्यार करतो.

खरी निवड नायलॉनचा स्नॅच पट्टा आणि पॉलिएस्टरचे बेल्ट या दोघांत होती, आणि तिथेच वादही झाला.

मावसभाऊ म्हणाला, “दादा, पट्टा आणलाय तो कशासाठी मग? जिम्नी मागे घेतो, एक झटका दिला की गाडी बाहेर.”

त्याचे म्हणणे निराधार नव्हते. नायलॉन ताणाखाली सुमारे वीस टक्के लांबते आणि परत आखडते. ओढणाऱ्या गाडीची गती ते स्वतःत साठवते आणि अडकलेल्या गाडीला हळूहळू वाढत्या जोराने देते. कोरड्या वाळूत टेकलेल्या गाडीसाठी मी स्वतः हाच पट्टा आधी काढला असता. पण त्या बांधावर त्याच्या विरुद्ध चार गोष्टी होत्या, आणि त्यांपैकी एकही पट्ट्याच्या ताकदीशी संबंधित नव्हती.

थारची चेसिस दगडावर टेकलेली होती. स्नॅच पट्ट्याचे सगळे गणित गाडी हलू शकते या गृहीतावर उभे आहे. गाडी एखाद्या घट्ट वस्तूला अडलेली असेल तर साठलेली ऊर्जा गाडी हलवण्यात खर्च होत नाही, ती जोडणीच्या जागी येते. दुसरे, डावा रिकव्हरी पॉइंट गाळाखाली होता आणि त्याचे बोल्ट पाहिल्याशिवाय त्याच्यावर भार टाकणे मला मान्य नव्हते. ताणलेला नायलॉन पट्टा जोर कमी करतो हे खरे, पण ऊर्जा नाहीशी करत नाही. ती पट्ट्यातच असते, आणि पॉइंट उपटला तर ती त्या लोखंडी तुकड्यासह परत येते. टो हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या, गोळ्याला स्नॅच पट्टा लावल्यामुळे गोळा उडून माणसे दगावल्याच्या घटना ऑस्ट्रेलियात घडलेल्या आहेत, आणि तिथे गोळ्याला पट्टा लावू नये हा इशारा आज पट्ट्यासोबतच दिला जातो. तिसरे, सुरुवातीचे दोन-तीन मीटर सैल सोडून जिम्नीला धाव घ्यावी लागली असती, ती जिची एक कड नुकतीच सुटली आहे अशा ओल्या बांधावर. चौथे, गाडी डावीकडे कललेली होती. हिसक्याने ती कोणत्या दिशेने सरकेल यावर आमचा ताबा राहिला नसता, आणि डावीकडे सरकली असती तर ती पूर्ण खाजणात गेली असती.

याखेरीज एक बारीक मुद्दा आहे, जो खरेदीच्या वेळी फार उपयोगी पडतो. स्नॅच पट्टा निवडताना त्याचा तुटण्याचा भार दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या एकूण भारित वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावा, असा संकेत आहे. जिम्नीचे भारित वजन दीड टनाच्या आसपास असल्याने तिच्यासाठी हे गणित साडेचार टनांच्या आतच राहते. आठ टनी पट्टा तिच्या हाती तुटणार नाही, पण पुरेसा ताणलाही जाणार नाही. इथे ‘जितका जाड तितका बरा’ हा नियम उलटा पडतो: गाडीच्या मानाने फार मजबूत पट्टा साध्या टो पट्ट्यासारखाच वागू लागतो.

निर्णय

ठरले ते असे: हिसका नाही, ट्रॅक्टरची संथ ओढ, आणि त्यासाठी फारसे न लांबणारे पॉलिएस्टरचे बेल्ट. त्याआधी गाडीला धरून ठेवणारा अडथळा इतका कमी करायचा, की ट्रॅक्टरची पकड पुरेशी ठरेल.

या दुसऱ्या भागाला आकड्यांचा आधार होता. रुतलेली गाडी ओढायला लागणाऱ्या जोराचा एक ढोबळ अंदाज लष्करी वाहनांच्या रिकव्हरीत वापरला जातो. चाकांइतके रुतले असेल तर गाडीच्या वजनाइतका जोर, मडगार्डपर्यंत रुतले असेल तर दुप्पट, केबिनपर्यंत रुतले असेल तर तिप्पट. सामानासह थार दोन टनांच्या आसपास होती, म्हणजे किमान दोन टनांची ओढ हवी होती. दोन टनी ट्रॅक्टर ओल्या मुरमावर स्वतःच्या वजनाच्या साधारण चाळीस टक्के ओढू शकतो, असे धरले तर हाती आठशे किलो येतात. पहिल्या प्रयत्नात संथ ओढीने गाडी का हलली नाही आणि हिसक्याची गरज का वाटली, याचे उत्तर या तफावतीत आहे. ही तफावत भरून काढण्याचे दोन मार्ग होते. ओढ वाढवायची, किंवा अडथळा घटवायचा. भरती डोक्यावर असताना माणसे पहिल्या मार्गाकडे धावतात, कारण दुसऱ्यात फावडे चालवावे लागते.

आम्ही फावडी घेतली. सिमेंटच्या गोणी, पाइप आणि पंप उतरवले. चेसिसखालचा दगड पहारीने सैल करून बाहेर काढला, आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच लागला. डाव्या चाकांच्या मागे, गाडी ज्या दिशेने आली होती त्याच दिशेने, उतरती चारी खणली. गाळ चाकाला चिकटून जे शोषण तयार होते ते तोडण्यासाठी टायरच्या कडेने पहार खाली घालून हलवली, तेव्हा बुडबुडे येऊन पाणी आत शिरले आणि चाकाभोवतीची पकड सुटली. टायरमधील हवा अठरा पीएसआयपर्यंत खाली आणली. वाडीतील सागाच्या जुन्या फळ्या चारीत बसवल्या. डावा रिकव्हरी पॉइंट धुऊन पाहिला. बोल्ट घट्ट होते, वेल्डला तडा नव्हता.

जवळच्या तिवराच्या झाडाला बेल्ट बांधून गाडी डावीकडे सरकू नये म्हणून धरून ठेवावी, अशी एक सूचना आली. ती दोन कारणांनी सोडून दिली. तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि मऊ गाळातील त्यांची उथळ मुळे गाडीचा भार धरण्याजोगी नसतात.

जोडणी आणि ओढ

तीन मीटरचा बेल्ट दोन्ही रिकव्हरी पॉइंटमध्ये शॅकलने अडकवून त्याचा त्रिकोण केला, म्हणजे ओढ चेसिसच्या दोन्ही बाजूंवर वाटली जाईल. दोन पायांतील कोन चाळीस अंशांच्या आसपास होता, त्यामुळे प्रत्येक पायावर निम्म्याहून किंचित जास्त भार येत होता. हा कोन वाढू देणे धोक्याचे असते, कारण तो १२० अंश झाला की प्रत्येक पायावर पूर्ण ओढीइतका भार येतो आणि त्रिकोण करण्याचा उद्देशच संपतो. त्रिकोणाच्या टोकाशी सहा मीटरचे दोन बेल्ट एकापुढे एक जोडले. हे दोन बेल्ट जोडताना मध्ये शॅकल घातली नाही. एकाचे लूप दुसऱ्यात ओवून घेतले आणि भार आल्यावर ते आवळून बसू नयेत म्हणून मध्ये एक गुंडाळलेली गोणी ठेवली. मध्यावर लोखंड असणे म्हणजे बेल्ट तुटल्यास ते लोखंड मोकळे होणे. शॅकलच्या पिना पूर्ण आवळून पाव फेरा मागे घेतल्या, कारण घट्ट आवळलेली पिन भाराखाली जाम होते.

ट्रॅक्टरच्या टोकाला काकांशी थोडे बोलावे लागले. त्यांनी सवयीने वरच्या लिंककडे बेल्ट नेला होता.

“काका, वर नको, खाली ड्रॉबारलाच लावा,” मी ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढपट्टीकडे बोट दाखवत म्हटले. “मागच्या अॅक्सलच्या वर ओढ आली तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो.”

“आमच्याकडं एक गेलाय असा,” काका म्हणाले, आणि पुढे काही न बोलता त्यांनी बेल्ट खाली घेतला. ट्रॅक्टर उलटून होणारे अपघात शेतीतील सर्वांत वाईट अपघातांपैकी आहेत. ओढण्याच्या साधनाची निवड कितीही अचूक असली, तरी ते अडकवले कुठे याने सगळे फिरते.

आता भाराची मर्यादा आमच्या हाती होती. आठशे किलोंच्या पुढे ट्रॅक्टर ओढूच शकत नव्हता आणि बेल्टचा कामाचा भार तीन टन होता. याच कारणाने मी बेल्टला निर्धास्तपणे पसंती दिली. बारा मीटरच्या जोडणीपासून सगळ्यांना दीडपट अंतरावर, म्हणजे अठरा मीटरपलीकडे उभे केले. बेल्टच्या रेषेत कोणीही थांबणार नव्हते. इशारे फक्त एका माणसाने द्यायचे ठरले. काकांनी पहिल्या गिअरमध्ये बेल्ट ताठ केला आणि तिथे थांबले. मग थार लो रेशोमध्ये रिव्हर्स टाकून हलकेच चाके फिरवू लागली आणि त्याच वेळी ट्रॅक्टर रेंगाळत निघाला. मागचे डावे चाक फळीवर चढले, फळी चारीत आडवी झाली, आणि इशारा देऊन सगळे थांबवले. फळी पुन्हा बसवून तिच्या मागे मुरूम ठोकला. दुसऱ्या खेपेला गाडी कोणताही आवाज न करता, अगदी चालीच्या वेगाने बांधावर आली. खाजणाच्या नाळीत पाणी यायला सुरुवात झाली होती. दहा वाजले होते.

सुटलेली कड दगड-मुरमाने भरून दिल्यावर आम्ही निघालो. वापरलेले तिन्ही बेल्ट मी उचलण्याच्या कामातून कायमचे काढून टाकले. जमिनीवरून, चिखलातून घासत ओढलेला बेल्ट माणसांच्या डोक्यावरून भार नेण्यास पुन्हा योग्य ठरवता येत नाही. कारखान्यात उचल-सामग्रीची निदान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने घातलेले होते; २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. टोचनाच्या साखळीला असा कोणी वाली नाही, आणि म्हणूनच हूक लॅचविना वर्षानुवर्षे चालत राहतो.

त्यानंतरची खरेदी

पुढच्या शनिवारी दोन्ही गाड्यांचे मालक आणि मी मुंबईतील अवजारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला गेलो. पॉलिएस्टरच्या बेल्टला तिथे तोटा नाही, आणि त्यांची ओळख सोपी आहे. बेल्टचा रंग भार सांगतो: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. शिवलेले लेबल धागा सांगते: निळे असेल तर पॉलिएस्टर, हिरवे असेल तर नायलॉन, तपकिरी असेल तर पॉलीप्रॉपिलीन. दोन्ही जुळत असतील, लेबलवर निर्मात्याचे नाव आणि क्रमांक असेल, तरच बेल्ट घ्यावा. आम्ही संथ ओढीसाठी आणि झाडाच्या खोडाभोवती घालण्यासाठी ३ टनी बेल्ट घेतले. थारसाठी वेगळा नायलॉनचा पट्टा घेतला नाही. आठ टनी पट्टा जिम्नीपेक्षा तिच्या वजनाला जास्त जवळचा, म्हणून तो जिम्नीतून थारमध्ये गेला, आणि जिम्नीसाठी कमी क्षमतेचा मागवला.

तिथून जवळच दारूखाना हा भंगाराचा बाजार. जहाजतोडणीतून आलेले मनगटाएवढे दोर आणि साखळ्या तिथे ढिगाने मिळतात, आणि त्यांची जाडी पाहून मोह होतो. माझे मत ठाम आहे: ज्या दोराचा पूर्वेतिहास माहीत नाही तो गाडीला लावू नये. जहाजाच्या दोराने किती वर्षे ऊन, किती हिसके आणि कोणती रसायने सोसली, हे त्याच्या बाहेरच्या अंगावरून कळत नाही. तंतू आतून तुटतात. नांगराच्या साखळीबद्दलही तेच, शिवाय तिच्या वजनाने ती गाडीत घेऊन फिरणे अशक्य.

साखळी मात्र पूर्णपणे बाद ठरवणे अन्यायाचे होईल. धारदार खडकाभोवती, गंजलेल्या लोखंडी खांबाभोवती किंवा जिथे कापडी साधन घासून कापले जाईल तिथे साखळीच योग्य, फक्त ग्रेडचा ठसा असलेली, पीळ न पडू देता, आणि संथ ओढीसाठीच. काकांसाठी आम्ही ग्रेड ८० चा लॅचवाला नवा हूक घेतला. मात्र त्यांच्या जुन्या साखळीला तो लावून तिची ताकद वाढत नाही, म्हणून सोबत त्याच ग्रेडची चार मीटर नवी साखळीही दिली.

धातूच्या शॅकलऐवजी मऊ दोराच्या शॅकलचाही विचार झाला. त्या अतिशय हलक्या असतात आणि सुटल्या तरी इजा कमी करतात, पण पॉइंटच्या भोकाची कड धारदार असेल तर त्या कापल्या जातात. थारच्या पॉइंटची कड कानशीने गोल करून घेईपर्यंत लोखंडी शॅकलच वापरायच्या, असे ठरले.

खाडीच्या चिखलात वापरलेल्या नायलॉनची निगा हा शेवटचा भाग. भिजलेल्या नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी घटते आणि सुकल्यावर ती परत येते. पण धाग्यांत अडकलेली वाळू आणि मिठाचे खडे प्रत्येक ओढीत आतून कापत राहतात. म्हणून पट्टा गोड्या पाण्यात हाताने खळखळून धुवायचा, सावलीत सुकवायचा, आणि बॅटरीच्या जवळ कधी ठेवायचा नाही, कारण अॅसिड नायलॉन खाते. एकापाठोपाठ ओढी दिल्याने पट्टा तापतो आणि ताणण्याचा गुण गमावतो. त्याला मधे काही तास विसावा द्यावा लागतो. शिवणीचा एखादा टाका जरी सुटला, कडेला काप पडला किंवा लेबल वाचेनासे झाले, तर दोन्ही टोकांची लूप कापून टाकून मगच तो पट्टा फेकायचा, म्हणजे दुसरा कोणी तो उचलून टोचनाला लावणार नाही.